सभासदांना समजेल असे स्ट्रक्चरल ऑडिट : एका सल्लागार सेवेचे परीक्षण

मुंबईत ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी महानगरपालिकेकडे नोंदणी असलेल्या संरचना अभियंत्याकडून करून घेणे मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार बंधनकारक आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही १५ ते ३० वर्षांच्या इमारतींचे दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतींचे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करावे, अशी तरतूद आहे. त्यामुळे ऑडिट करून देणाऱ्यांची उणीव नाही. मात्र नेमके काय तपासले, हाती आलेल्या आकड्याचा अर्थ काय आणि त्यावरून सोसायटीने कोणता निर्णय घ्यावा, हे अभियांत्रिकीशी काडीचाही संबंध नसलेल्या सभासदांना धीराने समजावून सांगणारे फार थोडे आहेत. मुलुंड पूर्वेतील आमच्या १९८० च्या दशकातील चार मजली इमारतीचे ऑडिट ज्या सल्लागार अभियंत्यांनी केले, त्यांच्या सेवेचे हे परीक्षण मी मुख्यतः याच अंगाने लिहीत आहे. आपले नाव जाहिरातीसारखे कोठे येऊ नये, अशी त्यांची इच्छा असल्याने ते दिलेले नाही. सोसायटीत सगळे त्यांना मॅडम म्हणतात, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवले आहे.

यापूर्वीचे ऑडिट आमच्या दप्तरात आहे. छायाचित्रे, तक्ते आणि इंग्रजी परिच्छेदांनी भरलेली ती जाडजूड फाईल त्या वेळच्या कमिटीने वाचली होती, असे म्हणता येणार नाही, कारण ती वाचता येण्यासारखी नव्हतीच. शेवटच्या पानावर ‘दुरुस्ती आवश्यक’ असा शेरा होता. तेवढ्या आधारावर कोणत्या खांबाला काय झाले आहे आणि पैसे आधी कोठे घालावेत, हे कोणालाही ठरवता आले नाही. परिणामी बाहेरून प्लास्टर आणि रंग करून घेण्यात आला आणि फंडातील मोठी रक्कम त्यात संपली. या खेपेस दरपत्रके मागवताना आम्ही एक अट घातली : अहवाल सर्वसाधारण सभेत समजावून द्यावा लागेल आणि सभासदांच्या शंकांना उत्तरे द्यावी लागतील. मॅडमचा दर सर्वांत कमी दरपत्रकाच्या जवळजवळ दीडपट होता. तरीही त्यांची निवड झाली, कारण समजावून सांगण्याचे काम त्यांनी आपल्या दरपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून मांडले होते आणि त्यासाठी किती बैठका घेणार, हेही लिहिले होते.

पहिली बैठक तपासणीच्या आधीच झाली. इमारतीचे मूळ नकाशे अपुरे होते, तेव्हा त्यांनी स्वतः मोजमापे घेऊन तयार केलेला तळमजल्याचा आराखडा भिंतीवर लावला आणि घराचा भार स्लॅबवरून बीमवर, बीमवरून कॉलमवर आणि कॉलममधून पायात कसा उतरतो, हे दाखवले. त्यानंतर प्रत्येकाला आपल्या घरातील बीम कोठून जातो आणि कॉलम कोणत्या कोपऱ्यात आहे, हे आराखड्यावर शोधायला सांगितले. वीस-पंचवीस वर्षे त्या घरात राहिलेल्या अनेकांना आपल्या कपाटामागे कॉलम आहे, हे तेव्हा प्रथमच कळले. या एका गोष्टीने पुढची सगळी चर्चा सोपी झाली. ‘भिंतीला तडा गेला आहे’ असे मोघम सांगणारे सभासद ‘बीमच्या खालच्या बाजूने लांबीत भेग आहे’ असे सांगू लागले, आणि अभियंत्याच्या दृष्टीने या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

भेगांविषयी त्यांनी जे सांगितले, ते मला या सेवेतील अतिशय मोलाचे वाटते. बीम आणि विटांची भिंत जेथे मिळतात, तेथे आडवी जाणारी बारीक भेग बहुतेक वेळा दोन निराळ्या साहित्यांच्या कमी-अधिक आकुंचन-प्रसरणामुळे पडते आणि तिची भीती बाळगण्याचे कारण नसते. सळईच्या रेषेत लांबवर जाणारी भेग मात्र आतले लोखंड गंजत असल्याचे लक्षण असते, कारण गंजाला मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा लागते आणि तो सभोवारचे काँक्रीट आतून फोडत बाहेर येतो. बीमच्या टोकाशी, कॉलमजवळ तिरकी जाणारी भेग दिसली, तर मात्र कोणाचीही वाट न पाहता कळवायचे. सभासदांनी घरी जाऊन आपापल्या भेगांचे फोटो काढले, शेजारी मोजपट्टी धरून पुन्हा काढले आणि ते कमिटीकडे पाठवले. प्रत्यक्ष तपासणीला मॅडम आल्या, तेव्हा कोणत्या घरात आधी जायचे, याची यादी त्यांच्या हाती होती.

त्या पहिल्या बैठकीतच तिसऱ्या मजल्यावरील एका काकांनी सर्वांच्या मनातला प्रश्न विचारला, “मॅडम, आमची इमारत पडणार का हो?” त्यावर त्यांनी दिलेले उत्तर मला जसेच्या तसे आठवते. “काका, आज मी हो म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय, दोन्ही अंदाजच ठरेल. तपासणी झाल्यावर कोणता भाग कमकुवत आहे, तो किती दिवसांत दुरुस्त करायला हवा आणि तोवर काय करायचं नाही, एवढं मी लिहून देईन.” भीती घालवण्यासाठी खोटा दिलासा देणे आणि काम मिळवण्यासाठी भीती वाढवणे, असे दोन्ही प्रकार या व्यवसायात चालतात. दोन्ही टाळून आपण काय सांगू शकतो आणि काय नाही, हे आरंभीच स्पष्ट करणारा सल्लागार मिळणे, ही सोसायटीच्या दृष्टीने भाग्याची गोष्ट आहे.

घरोघरच्या पाहणीत त्यांच्यासोबत एक तरुण सहायक होता. छतावर आणि बीमवर हातोडीने हलकेच ठोकत जायचे, आवाज पोकळ आला की तेथे खडूने वर्तुळ करायचे, अशी ही पद्धत आहे. मॅडमनी ती हातोडी घरच्या माणसांच्या हातात दिली. भरीव काँक्रीटचा टणक आवाज आणि सुटलेल्या थराचा पोकळ आवाज यांतील फरक एकदा कानाने टिपला की तो सांगावा लागत नाही. आमच्या शेजारच्या आजींनी स्वयंपाकघराच्या छतावरील दोन जागा स्वतःच ओळखल्या. इमारतीला माणसाचे शरीर आणि स्वतःला डॉक्टर म्हणवून घेणारी भाषणे मी याआधी ऐकली आहेत. मॅडमनी त्या वाटेने जाण्याचे टाळले आणि शक्य होते तेथे वस्तूच समोर ठेवली, हे मला अधिक पटले, कारण उपमेने गोष्ट समजल्यासारखी वाटते, परंतु निर्णय घेण्याची वेळ येते तेव्हा उपमा उपयोगी पडत नाही.

घरांतील बदलांचा विषय नाजूक होता. जुन्या लादीवरच नवी लादी बसवणे हा आमच्या इमारतीत सर्रास झालेला प्रकार. कोणाचेही नाव न घेता त्यांनी फळ्यावर हिशेब मांडला. लादी आणि खालचा मसाला मिळून ५० मिलिमीटरचा थर धरला, तर प्रत्येक चौरस मीटरवर १०० किलोहून अधिक वजन वाढते आणि १० फूट बाय १२ फुटांच्या खोलीत ते एका टनाच्या पुढे जाते. राहत्या घरासाठी माणसे आणि सामान मिळून जो भार गृहीत धरतात, तो भारतीय मानकानुसार चौरस मीटरला सुमारे २०० किलो असतो. म्हणजे नव्या लादीने त्यातील निम्मा भार कायमचा अडवून ठेवला. गच्चीवर ठेवलेली १,००० लिटरची टाकी भरली की तिच्यातील पाण्याचे वजनच एक टन होते, हेही त्यांनी लगोलग सांगितले. कोणावर आरोप झाला नाही, वाद झाला नाही, आणि पुढच्या काही दिवसांत गच्चीवरील मातीने भरलेल्या जड कुंड्या संबंधितांनी आपणहून खाली आणल्या.

उपकरणांच्या चाचण्यांपैकी रिबाउंड हॅमर सर्वांना लगेच आवडला, कारण स्प्रिंगवरचा दट्ट्या काँक्रीटवर आपटून किती मागे उसळतो, ते लगेच आकड्यात दिसते. पार्किंगमधील एका जुन्या कॉलमवर आकडा चांगला आला आणि जमलेल्यांना हायसे वाटले. तेव्हा मॅडमनी हात वर करून सर्वांना थांबवले. या चाचणीवरून काढलेला ताकदीचा अंदाज अधिक-उणे २५ टक्क्यांनी चुकू शकतो, असे मानकातच म्हटले आहे. शिवाय जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे टणक झालेला असतो आणि अशा ठिकाणी हा अंदाज टोकाच्या स्थितीत ५० टक्क्यांपर्यंत फुगतो. म्हणून या आकड्यावर एकट्याने विसंबायचे नाही. त्याच कॉलममधून ध्वनिलहरी पाठवून वेग मोजला. सेकंदाला ४.५ किलोमीटरच्या वर वेग असेल तर काँक्रीट उत्कृष्ट, ३.५ ते ४.५ चांगले, ३ ते ३.५ मध्यम आणि ३ च्या खाली शंकास्पद, असे कोष्टक त्यांनी कॉलमवरच चिकटवले होते. आमच्या कॉलमचा वेग मध्यम गटात आला. एका चाचणीचा दिलासा दुसऱ्या चाचणीने कमी झालेला सभासदांनी स्वतः पाहिला, त्यामुळे एकाच जागी दोन-तीन चाचण्या का कराव्या लागतात आणि त्यांचा खर्च का द्यावा लागतो, हा प्रश्न पुन्हा कोणी विचारला नाही.

कार्बोनेशनची चाचणी हा माझ्या मते या संपूर्ण सेवेचा कळस होता. त्याच कॉलमचा थोडा भाग फोडून, धूळ फुंकून काढून, ताज्या उघड्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलीनचे द्रावण फवारण्यात आले. आतला भाग क्षणात गडद गुलाबी झाला आणि बाहेरचा पट्टा मूळ राखाडी रंगाचाच राहिला. नव्या काँक्रीटचा सामू १२.५ च्या वर असतो आणि त्या क्षारतेमुळे सळईभोवती एक संरक्षक थर टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत शिरत जातो, चुनखडीसारखे कॅल्शियम कार्बोनेट तयार होते आणि सामू ९ च्याही खाली उतरतो. गुलाबी न झालेला पट्टा म्हणजे जेथे हे संरक्षण संपले आहे तो भाग. मॅडमनी मोजपट्टी लावली. पट्ट्याची जाडी ३० मिलिमीटरच्या पुढे होती आणि सळई त्याच पट्ट्याच्या आत, पृष्ठभागापासून जेमतेम २५ मिलिमीटरवर दिसत होती. आजच्या मानकानुसार कॉलममध्ये सळईवर किमान ४० मिलिमीटर काँक्रीट असावे लागते, हे त्यांनी तेथेच सांगितले.

एवढ्यावर थांबल्या असत्या, तर तो शाळेतला रंगाचा प्रयोग झाला असता. त्यांनी पुढचा धागा लगेच जोडून दिला. सळई जर संरक्षण संपलेल्या पट्ट्यात आहे, तर वरून नवे प्लास्टर आणि रंग केल्याने तिचे गंजणे थांबणार नाही. सुटे काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढून, सळई घासून स्वच्छ करून, गंजरोधक लेप देऊन, जेथे सळई झिजली आहे तेथे नवी जोडून आणि मग पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रो काँक्रीट भरूनच दुरुस्ती टिकते. मागील खेपेला केलेले प्लास्टर इतक्या लवकर का फुगले, याचे उत्तर प्रत्येकाला डोळ्यांसमोर मिळाले. पुढे कॉन्ट्रॅक्टरांची दरपत्रके उघडली तेव्हा सर्वांत स्वस्त दरपत्रकात ‘सळईमागील काँक्रीट काढणे’ ही बाबच नाही, हे कमिटीच्या आधी एका निवृत्त शिक्षिकेने दाखवून दिले.

हाफ-सेल चाचणीच्या बाबतीत मात्र त्यांचे समजावणे कमी पडले. या चाचणीत सळईचा विद्युत-विभव मोजतात. तो उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेला, तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक मानतात आणि उणे २०० च्या वर असेल, तर गंज नसण्याची शक्यता तितकीच मानतात. उणे चिन्हाचे आकडे, त्यांतील लहान-मोठेपणा आणि वर शक्यतेची टक्केवारी, असे तीन पदर एकदम आल्याने बहुसंख्य सभासद गोंधळले. आपल्या घराशेजारचा उणे १८० हा आकडा धोक्याचा आहे, असे समजून एक वहिनी रात्रभर अस्वस्थ होत्या. ही चाचणी गंजाची शक्यता सांगते, किती लोखंड झिजले ते सांगत नाही, ही महत्त्वाची मर्यादाही त्या गडबडीत मागे पडली. अहवालात याच आकड्यांचा लाल, पिवळा आणि हिरवा असा रंगीत नकाशा आहे आणि तो पाहताक्षणी समजतो. बैठकीत आधी तोच दाखवायला हवा होता.

काँक्रीटचे कोअर, म्हणजे यंत्राने कापून घेतलेले गोल नमुने, काढून केलेल्या दाबचाचणीत सरासरी ताकद १३ च्या आसपास आली. इमारत बांधली त्या काळी एम-१५ दर्जाचे काँक्रीट रूढ होते. त्यातील १५ म्हणजे २८ दिवसांच्या घनाने प्रत्येक चौरस मिलिमीटरवर पेलायचे न्यूटन. कोअरची सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के असावी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नसावा, अशी मानकाची अट आहे. १५ चे ८५ टक्के म्हणजे १२.७५, त्यामुळे आमची इमारत या कसोटीला उतरली. आजच्या नियमानुसार किमान एम-२० लागते, ही गोष्टही त्यांनी झाकून ठेवली नाही.

हे सांगणे गरजेचे होते, कारण सभासदांत पुनर्विकासाचा मोठा गट आहे. महानगरपालिकेच्या वर्गवारीत सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडावी लागणारी इमारत, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-१ मिळाले तर पुनर्विकासाची वाट मोकळी होईल, असे काहींना वाटत होते आणि त्यांनी ते सभेत बोलून दाखवले. मॅडमनी अहवालातील प्रत्येक मजल्याचा निष्कर्ष पुन्हा वाचून दाखवला आणि वर्गवारी सी-२बी का, ते एकेक कारणासह मांडले. पुनर्विकास करायचा की नाही, हा सोसायटीचा आर्थिक निर्णय आहे, तो खुशाल घ्यावा, परंतु त्यासाठी अहवालाचा आधार मागू नये, असे त्यांनी नम्रपणे आणि नि:संदिग्धपणे सांगितले. दोन अहवाल परस्परविरोधी असतील, तर प्रकरण महानगरपालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते, ही माहितीही त्यांनी आपणहून दिली. ज्यांना हा निष्कर्ष नको होता, त्यांनाही तो कळला. माझ्या लेखी या सेवेची किंमत येथेच वसूल झाली.

आणखी एका प्रसंगाचा उल्लेख केला पाहिजे. पाहणीत एका बाल्कनीचा स्लॅब धोकादायक आढळला. मॅडमनी सभेत जाहीर करण्याआधी त्या कुटुंबाच्या घरी बसून त्यांना सर्व समजावले, बाल्कनीत कोणी उभे राहू नये, हे लेखी दिले आणि त्याच संध्याकाळी कमिटीला टेकू लावायला सांगितले. त्यामुळे घरातील माणसांना ही बातमी जिन्यात कोणाकडून ऐकावी लागली नाही.

उणिवा आणखीही आहेत. मूळ अहवाल इंग्रजीतच आहे. सोबतचे मराठी टिपण आठ-नऊ पानांचे, सुबोध आणि अचूक आहे, पण त्यात खर्चाचा तक्ता नाही, आणि सर्वसाधारण सभेत सर्वाधिक प्रश्न खर्चावरच येतात. आमच्याकडे गुजराती कुटुंबेही बरीच आहेत. त्यांच्यासाठी मॅडम मधूनमधून हिंदीत बोलल्या, परंतु लेखी काही मिळाले नाही. छायाचित्रांखाली मजला आणि खोली दिली आहे, सदनिका क्रमांक दिलेला नाही, त्यामुळे आपले छायाचित्र कोणते, हे शोधत बसावे लागते. चाचण्या कामाच्या दिवशी दुपारी झाल्याने नोकरीवर जाणाऱ्यांना कार्बोनेशनचा प्रयोग पाहता आला नाही. त्याची चित्रफीत काढली असती, तर ती साऱ्यांच्या उपयोगी पडली असती.

ज्या सोसायटीला केवळ महानगरपालिकेत जमा करण्यापुरता दाखला हवा आहे, तिला हा दर जास्त वाटेल. पण ज्या सोसायटीत दुरुस्तीचा खर्च प्रत्येक सदनिकेवर पडणार आहे आणि तो भरण्यास सभासदांनी संमती द्यायची आहे, तिने अशाच प्रकारची सेवा शोधावी. करारात बैठकांची संख्या, मराठी टिपण, त्यातील खर्चाचा तक्ता आणि किमान एक चाचणी सुट्टीच्या दिवशी सभासदांसमोर करणे, या गोष्टी आधीच लिहून घ्याव्यात. दुरुस्तीच्या काळातील देखरेखीचे कामही आम्ही ठराव करून मॅडमकडेच दिले आहे. फोडलेला प्रत्येक कॉलम भरण्यापूर्वी त्या मजल्यावरील दोन सभासदांना सळई दाखवायची आणि त्यांची सही घ्यायची, अशी अट त्यांनी स्वतःच त्या करारात घातली आहे.